मासळीवर आलेला आळ

परळच्या बाजारात गुणवंती कोळीण बसायची त्या ओट्यावर गिऱ्हाईक माशाचे कल्ले उघडून बघत नसे. बाकीच्या बायकांकडे लोक पापलेटच्या पोटावर बोट दाबून बघायचे, कोळंबी नाकाला लावायचे. गुणवंतीकडे नाही. एखादा नवा माणूस वाकून कल्ला उचकायला गेलाच तर ती कोयता खाली ठेवायची आणि म्हणायची, "दादा, मासा बघतोयस का मुलगी बघायला आलायस? घ्यायचा तर घे, नाहीतर पुढे हो." आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसायच्या आणि तो माणूस खजील होऊन मुकाट्याने मासे घेऊन जायचा.

ही मिजास तिने कमावलेली होती. वरळी कोळीवाड्यातून सासूच्या मागे पाटी घेऊन ती या बाजारात आली तेव्हा नवी नवरी होती. सासू गेली, मग नवरा रघू गेला, बाजारासमोर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि तिथली गळ्यात ओळखपत्र लटकवलेली पोरंही संध्याकाळी तिच्याकडून बोंबील नेऊ लागली. पण सासूने घालून दिलेला नेम तिने मोडला नाही. आजचा उरलेला मासा उद्या पाटीत जाणार नाही. घरी कालवण होईल, मीठ लावून सुकवला जाईल, शेजाऱ्याला दिला जाईल, पण शिळा मासा विकला असं गुणवंतीच्या नावावर कुणी सांगणार नाही.

साखर तिला कितीतरी वर्षांपासून होती. गोळ्याही होत्या. सणाला गोळी नको, हळदीला नको, धक्क्यावर माल उचलायला जायचं असलं की पहाटे उपाशीपोटी नको, असं करत करत गोळ्यांची पाकिटं फडताळात साठत जायची. मशेरी मात्र एक दिवस चुकली नाही. सकाळी एकदा, दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की एकदा, तळहातावर घेऊन ती दातांना लावायची आणि डोळे मिटून बसायची. तेवढंच तिचं सुख.

गेली दोनेक वर्षं तिची पोटरी धरायची. बसमधून उतरून बाजाराकडे चालू लागली की थोड्या अंतरावर पोटरीत असा पीळ पडायचा, जणू कुणी ओलं लुगडं दोन्ही हातांनी पिळतंय. थांबलं की जायचा. चाललं की पुन्हा. पण भररस्त्यात पोटरी धरून उभं राहणं तिला लाजिरवाणं वाटायचं. म्हणून ती भांड्यांच्या दुकानापाशी थांबून पातेल्यांकडे बघायची, फुलवाल्याशी दोन शब्द बोलायची, कळ गेली की पुढे निघायची. पाय कायम गार असायचे. सून तेजस्वीने एकदा विचारलं, "आई, पाय एवढे गार कसे तुमचे?" तर म्हणाली, "बर्फात बसणाऱ्या बाईचे पाय गारच असायचे. तुझ्यासारखी मी काय एसीत बसते?" तेजस्वीचा एसी म्हणजे प्रभादेवीतल्या एका दवाखान्यातलं रिसेप्शनचं टेबल होतं.

पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका दुपारी घरी येऊन पाय धुताना गुणवंतीला दिसलं की डाव्या पायाच्या अंगठ्याखाली शिंगाळ्याचा काटा घुसलाय. सकाळी तिने शिंगाळा साफ केला होता. म्हणजे काटा चपलेतून आरपार जाऊन दिवसभर पायात होता, आणि तिला पत्ताच नव्हता. तिने चिमट्याने तो ओढून काढला. थोडं रक्त आलं. दुखलं नाही. तिला उलट बरंच वाटलं. शिंगाळ्याच्या काट्याने गडी माणसं गुरासारखी ओरडतात, आणि इथे काहीच नाही! दुखत नाही म्हणजे विशेष काही नाही, असं म्हणून तिने हळद भरली, चिंधी बांधली आणि विसरून गेली.

जखम मात्र तिला विसरली नाही. हळद सुकायची आणि खालून पुन्हा ओल यायची. अंगठा सुजला, जांभळा झाला, मग त्याचं टोक वांग्यासारखं काळं पडलं. आणि वास येऊ लागला.

तो वास तिने पहिल्यांदा ओळखला तेव्हा ती न्हाणीत होती. कोळिणीच्या नाकाला फसवता येत नाही. कुजलेलं काय असतं हे तिला जन्मापासून माहीत. क्षणभर तिला वाटलं, न्हाणीच्या मोरीत काहीतरी मेलंय. मग तिने चिंधी सोडली आणि पुन्हा घाईघाईने बांधली, जणू कुणी बघत होतं.

त्या दिवसापासून ती पायमोजे घालू लागली. मोज्याच्या आत प्लॅस्टिकची पिशवी. घरी कुणाला दाखवायचं? मुलगा मितेश लगेच इस्पितळात नेणार, आणि इस्पितळात साखरेच्या माणसाचा पाय कापतात एवढं तिने ऐकलं होतं. पण भीतीपेक्षा मोठी दुसरी गोष्ट होती, ती तिने स्वतःशीही नीट बोलून दाखवली नाही. जिच्या मालाला उभ्या जन्मात वास आला नाही, ती बाई स्वतःच नासली होती. हे कुणाच्या नाकाला कळलं तर?

घरात तेजस्वी म्हणाली, "हे सुके बोंबील बाहेर टांगूया आई, फार वास येतोय." गुणवंती म्हणाली, "टांग." बोंबील बाहेर गेले. वास गेला नाही. मग मितेशने सोडे टाकून दिले, मग सुकटीचा डबा उन्हात ठेवला. गुणवंती दाराजवळ बसून ते सगळं बघत राहिली.

बाजारात सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. मासळी बाजारात कोण कुणाचा वास घेतो? पाय गोणपाटाखाली घेऊन ती बसायची.

तिच्या डाव्या हाताला चांगुणा बसायची. चांगुणा तिच्याच गल्लीतली, वयाने बरीच लहान. नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही, तेव्हा गुणवंतीनेच तिला हाताला धरून बाजारात आणलं, शेजारी बसवलं, कोयता कसा धरायचा इथपासून शिकवलं. तिच्याकडे लहान मासे असायचे, मांदेली, बोंबील, करंदी. घासाघीस करायची नाही, आवाज चढवायची नाही.

विनिफ्रेडबाई दर शुक्रवारी यायच्या. भोईवाड्याच्या बाजूला राहणाऱ्या, जुन्या मुंबईच्या ख्रिस्ती घरातल्या, एका कंपनीतून निवृत्त झालेल्या. गुणवंती त्यांना विनीबाय म्हणायची. त्या शुक्रवारी त्या आल्या, रावस घ्यायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"गुणवंती, वास येतोय गो."

"मासळी बाजारात काय मोगरा फुलणार, विनीबाय?" गुणवंती हसली. पण हात पुढे झाला आणि तिने स्वतःच रावसाचा कल्ला उघडून दाखवला. "बघा. कुंकवासारखा लाल आहे की नाही?"

"तुझा माल नाही गो खराब. पण काहीतरी कुजलंय इथे."

गोणपाटाखाली तिने पाय आणखी आत ओढला. आणि मग तिच्या तोंडातून ते वाक्य निघालं.

"माझा माल तुम्ही ओळखता. शेजारचं मी काय बोलू?"

हनुवटी किंचित डावीकडे वळली, बस्स. विनीबायनी तिकडे बघितलं, मान हलवली, रावस घेतला आणि गेल्या. चांगुणा एका गिऱ्हाइकाला मांदेली मोजून देत होती. तिने ऐकलं नाही.

पण बाजारात असं वाक्य पाटीखाली दाबून राहत नाही. पुढच्या दिवसांत लोक चांगुणाच्या ओट्यापाशी यायचे, नाक वर करायचे आणि सरकायचे. चांगुणाने ओटा ब्रशने घासला. बर्फ बदलला. फिनेल आणून गटार धुतलं. एका सकाळी ती नुसती बसून होती, पाटीत चांदीसारखी चमचमणारी मांदेली, आणि समोर कुणी नाही. शेवटी तिने मांदेलीची मूठ उचलली, दोन्ही हातांनी गुणवंतीच्या नाकाशी धरली.

"ताई, तूच सांग. मला काही कळेनासं झालंय. माझ्या मासळीला वास येतो का गो?"

मांदेली पहाटेची होती. तिला समुद्राचा वास होता, दुसरा कसलाही नाही. गुणवंतीने ती हुंगली. आजूबाजूच्या बायका बघत होत्या.

"थोडा येतो," ती म्हणाली.

चांगुणाने पाटी उचलली, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पेटीपाशी गेली आणि सगळी मांदेली आत उपडी केली. मांजरं धावली. चांगुणा रिकामी पाटी डोक्यावर पालथी घालून बाजाराबाहेर गेली. गुणवंतीने पापलेट कापायला घेतलं आणि कोयता भलतीकडेच चालला.

दुसऱ्या दिवशी चांगुणा आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. शुक्रवार उजाडला.

विनीबाय आल्या. त्यांनी रिकाम्या ओट्याकडे बघितलं. श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"चांगुणा नाही, माल नाही. मग वास कुठला गुणवंती?"

समोरच्या दोघी बायकांनी माना वर केल्या. विनीबायची नजर ओट्यावरून खाली उतरली. गोणपाट सरकलं होतं. ओट्यावर एवढे मासे पडलेले, आणि माश्या सगळ्या गुणवंतीच्या डाव्या मोज्यावर बसल्या होत्या.

विनीबाय ओरडल्या नाहीत. साडी वर धरून त्या ओल्या लादीवर उकिडव्या बसल्या, गुणवंतीच्या तोंडाशी तोंड आणून हलकेच म्हणाल्या, "साखर आहे तुला?"

गुणवंतीने मान खाली घातली.

"चालताना पोटरी धरते?"

"वय झालं, विनीबाय."

"माझा नवरा मॅथ्यू पण हेच सांगायचा. चर्चला जाताना दर चार पावलांवर थांबायचा आणि म्हणायचा, जरा ही बाग बघू, जरा हे घर बघू. मला वाटायचं, म्हातारपणी रसिक झाला. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला, तेव्हा डॉक्टरने सांगितलं की पायात रक्तच उतरत नव्हतं, म्हणून थांबत होता." त्यांनी गुणवंतीच्या हाताला धरलं. "ऊठ. मुलाला फोन लाव. नाहीतर मी लावते."

गुणवंती उठली तेव्हा मोज्यातून लादीवर ओल उमटली. सगळा बाजार बघत होता. कुणी नाकाला पदरही लावला नाही. पदर लावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पालिकेच्या मोठ्या इस्पितळात तिला तपासायला आलेली डॉक्टर तरुण होती, संघमित्रा नावाची, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली. मोजा कापून काढला तेव्हा वास खोलीभर झाला. मितेश दाराकडे वळला, बाहेर गेला, आणि डोळे पुसून परत आला. तेजस्वी पलंगापाशी उभीच होती. "आम्ही बोंबलांना शिव्या घालत होतो आई," एवढंच ती म्हणाली. गुणवंतीने भिंतीकडे तोंड केलं. तिला वाटलं, मेले असते तरी एवढी लाज वाटली नसती.

डॉक्टरने पावलावर दोन बोटं ठेवली, मग घोट्याच्या आतल्या बाजूला, मग गुडघ्यामागे. बराच वेळ शोधत राहिली. मग दंडाला लावतात तसा पट्टा घोट्याला बांधून दाब मोजला.

"मावशी, हाताला जेवढा दाब आहे त्याच्या निम्मासुद्धा इथे नाही. पावलावर नाडी लागत नाहीये."

"म्हणजे पाय मेला?"

"नाही. उपाशी आहे. साखरेने दोन कामं केलीत तुमची. एक म्हणजे पायाची जाणीव घालवली, म्हणून काटा घुसला तरी कळलं नाही. दुसरं, पायाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आतून बुजत गेल्या. पोटरी धरायची ती त्यामुळेच. जखम भरायची तर तिथे रक्त पोचायला हवं. ते पोचत नाही, मग हळद लावा नाहीतर सोनं लावा. तंबाखू?"

"मशेरी फक्त."

"मशेरी म्हणजे तंबाखूच. तिनेही हातभार लावलाय."

"पाय कापणार ना तुम्ही?"

"आधी पू काढू. मग आतली वाहिनी बारीक फुगा घालून उघडता येते का ते बघू. रक्त उतरलं तर अंगठ्यावर भागेल. आधीच कापलं आणि रक्त नसलं, तर कापलेलंही भरायचं नाही, मग वर वर कापत जावं लागतं." तिने घोट्याचा पट्टा सोडला. "पोटरी दुखायला लागली तेव्हाच आला असता तर एवढंही लागलं नसतं, मावशी. आता मात्र काही लपवायचं नाही."

लपवायचं नाही म्हटल्यावर गुणवंतीला एकदम रडू फुटलं. डॉक्टरला वाटलं, अंगठ्यासाठी रडतेय.

वाहिनी उघडली. मांडीतून बारीक नळी घालून गुडघ्याखाली फुगा फुगवला, तेव्हा गुणवंती जागीच होती. नंतर तेजस्वीने पावलाला हात लावला आणि ओरडलीच, "आई, गरम लागतंय!" अंगठा गेला, त्याच्या शेजारचं बोटही गेलं. पाय राहिला. रोज मलमपट्टी व्हायची, आणि काळपट मांसाच्या जागी हळूहळू लाल दाणेदार मांस दिसू लागलं. माशाच्या कल्ल्यासारखं लाल, असं तिच्या मनात आलं आणि ती लगेच दुसरीकडे बघू लागली.

एका दुपारी चांगुणा आली. हातात डबा होता. पलंगाच्या कडेला टेकली नाही, उभीच राहिली.

"करंदीची आमटी आहे. तिखट कमी घातलंय."

"चांगुणा, मला तुला सांगायचंय..."

"माहीत आहे मला. बाजारात सगळ्यांना माहीत आहे." चांगुणाने डबा टेबलावर ठेवला. "पाय सडला, त्यात तुझी काय चूक? कुणाचाही सडेल. पण मी तुझ्या नाकाशी मासळी धरली होती, ताई. तू हुंगलीस. आणि मग मी ती फेकताना तू बघत होतीस."

गुणवंतीने ओठ हलवले. जिचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, तिला साधं 'चुकलं' म्हणता येईना.

"रिकामा डबा तेजस्वीकडून पाठव," चांगुणा म्हणाली आणि निघून गेली.

जखम पुरती भरायला पुढचा उन्हाळा आला. मशेरीचा डबा मितेशने समुद्रात फेकला तेव्हा गुणवंतीने अडवलं नाही, मात्र पुढचे काही दिवस ती घरातल्या सगळ्यांवर खेकसत होती. डॉक्टरने मऊ तळाचे खास बूट दिले, अनवाणी चालायचं नाही, ओल्यात बसायचं नाही, आणि रोज चालायचं, पोटरी दुखेपर्यंत, मग थांबायचं, मग पुन्हा, असं बजावून सांगितलं. बाजारात बसणं संपलंच होतं. तरी ती एका सकाळी काठी घेऊन, नवे बूट घालून परळला आली.

बाजार भरात होता. चांगुणाकडे गिऱ्हाईक होतं, पण आधीइतकं नाही. आळ धुवून निघायला आळ लागण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. गुणवंती तिच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. मग तिने तो जुना आवाज लावला.

"ऐका गो सगळ्यांनी! चांगुणाच्या मासळीला कधी वास नव्हता. तो माझा पाय होता. मला माहीत होतं. माहीत असून मी तिचं नाव घेतलं. तिची ताजी मांदेली मी फेकायला लावली."

कोयते थांबले. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. समोरची एक म्हातारी कोळीण खाली मान घालून उगाच बर्फ चाळवू लागली. गुणवंतीला वाटलं होतं, बोलल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. उलट इतक्या माणसांपुढे आपण दोन बोटं गेलेल्या पायावर उभ्या आहोत, आणि सगळ्यांना आतलं सगळं दिसतंय, असं तिला वाटत राहिलं.

चांगुणाने वर बघितलं नाही. बोंबलाची शेपटी उडवली, दुसरा घेतला.

"ओरडू नको ताई," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आहे."

गुणवंती घरी आली.

तिचा ओटा आता तेजस्वी चालवते. दवाखान्यातली नोकरी सोडून सून मासळीला बसेल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण तिने स्वतःच ठरवलं. पहिल्या दिवशी सुरमई कापताना तिच्या तुकड्यांचा पार चुथडा झाला, तेव्हा शेजारून चांगुणाने न बोलता हात पुढे केला, कोयता घेतला आणि मासा कसा आडवा धरायचा ते दाखवलं. ते शिकवणं अजून चालू आहे. चांगुणा गल्लीत भेटली की गुणवंतीशी मान हलवते. घरात पाऊल टाकत नाही. गुणवंती बोलावतही नाही. बोलावण्याचा हक्क आपण गमावला हे तिला कळतं.

रोज संध्याकाळी तेजस्वी बाजारातून आली की हातपाय धुते आणि सासूचे पाय मांडीवर घेते. बोटांच्या बेचक्या, टाचा, तळवे, सगळं उजेडात निरखते. कुठे लाली, कुठे फोड, कुठे भेग. सुरुवातीला गुणवंतीला ते सहन व्हायचं नाही. सुनेच्या मांडीवर आपला तो अर्धामुर्धा पाय! ती डोळे मिटून घ्यायची. अजूनही अवघडते, पण पाय मागे घेत नाही.

परवा टाच बघता बघता तेजस्वी म्हणाली, "चांगुणाकाकीने आज विचारलं. सासूचा पाय कसा आहे म्हणून."

गुणवंतीने डोळे उघडले. "मग?"

"सांगितलं, भरलाय. रोज चालतात, गोळ्या चुकवत नाहीत."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही." तेजस्वीने दुसरा पाय मांडीवर घेतला. "म्हणाली, बरं."

गुणवंतीने डोळे पुन्हा मिटले नाहीत.